पहिल्या दाढदुखीच्या आधी

पुणतांबा हे गोदाकाठचे गाव. चांगदेव महाराजांची समाधी आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक यांमुळे ते पूर्वीपासून परिचित होतेच. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक येथून गेली, तेव्हा त्याचे नाव सर्व महाराष्ट्राच्या तोंडी झाले. अशा गावातील व्यापारी घरात लहान मुलाच्या दातांकडे पाहण्याची वेळ बहुधा रात्रीच येते. दिवसभर दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांभोवती बागडलेले चार-पाच वर्षांचे मूल मध्यरात्री गाल धरून उठते. कोणी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत ठेवतो. ते तेल कोवळ्या हिरडीला पोळते, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात येत नाही. दादी पदराची ऊब गालाला देत बसते. सकाळी दुकान उघडण्याचे काम धाकट्या काकांवर सोपवून मुलाला श्रीरामपूर, कोपरगाव किंवा राहात्याला नेले जाते. रात्रभर न झोपलेले, धड काही न खाल्लेले, दुखऱ्या गालाचे ते मूल जन्मात प्रथमच दंतवैद्याच्या खुर्चीवर बसते, आणि जी दाढ सर्वांत जास्त ठणकते आहे तिलाच हात लावणे डॉक्टरांना भाग पडते. अशा प्रसंगी मूल ओरडले तर त्यात त्याचा दोष कोणता? वेदना आणि ती खुर्ची यांची गाठ त्या दिवशी त्याच्या मनात पक्की बसते, आणि ती सोडवायला पुढे वर्षे लागतात.

पहिली भेट वेदनेच्या आधी व्हावी, एवढेच येथे सांगायचे आहे. वर वर पाहता गोष्ट साधी आहे. परंतु दुखत नसताना डॉक्टरकडे जाणे आणि त्यासाठी दुकानाचा अर्धा दिवस मोडणे व्यापारी घराला सहसा पटत नाही. त्यात भर पडते ती एका जुन्या समजुतीची. दुधाचे दात पडायचेच असतात, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. हा हिशेब चुकीच्या नोंदीवर बेतलेला आहे. दुधाचे दात एकूण वीस. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. समोरचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे. मागच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा-सात वर्षे काम करायचे असते. तिच्यावर मुलाचे चावणे अवलंबून असते. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी ती जागा राखून ठेवते. ती अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, नवा दात वाकडा येतो, आणि पुढे तारा बसवण्याचा खर्च उभा राहतो.

याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ निमूटपणे उगवते. काही पडलेले नसल्यामुळे घरातील मंडळी तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून वाट पाहतात. ती पडत नाही आणि दुसरी येत नाही. तीच आयुष्यभर वापरायची असते. बालदंतवैद्याची ओळख या वयाच्या आधीच झालेली असेल तर ही दाढ वेळीच नजरेस येते आणि तिच्या खोल खाचा बुजवून तिचे रक्षणही करता येते.

बालदंतवैद्यांच्या संघटना पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली तपासणी व्हावी असे सांगतात. गावाकडे हे ऐकून हसू येईल. दात दोन आणि डॉक्टर कशाला, असे कोणी म्हणेलही. त्या वयातील भेट खरे पाहता आईसाठी असते. दूध कसे पाजावे, दात कसे पुसावे, झोपेत तोंडात बाटली का ठेवू नये, हे तिला समजते. ती भेट हुकली असेल तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, काहीही दुखत नसताना केलेली भेट उशिराची मानण्याचे कारण नाही. मूल तोपर्यंत बोलू लागलेले असते, ऐकून घेते. आणि घरच्यांच्या बोलण्याचा परिणाम त्याच्यावर याच वयात सर्वाधिक होतो.

त्या बोलण्याचाच विचार अधिक करायला हवा. पुणतांब्याच्या मुलांना चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा ठाऊक असते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेल्या त्या वृद्ध योग्याला मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून कागद कोराच पाठवला गेला. तीन वर्षांच्या मुलाचे मन दंतवैद्याच्या बाबतीत त्या कागदासारखेच असते. त्यावर पहिला मजकूर लिहिला जातो तो घरात. ‘दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’, ‘मस्ती केलीस तर दाढच उपटायला सांगू’, ही वाक्ये रागाने कमी आणि सवयीने जास्त उच्चारली जातात. भीती कशी लागते याचा विचार मांडताना मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये तीन वाटा सांगितल्या: स्वतःवर ओढवलेला प्रसंग, दुसऱ्याला भ्यालेले पाहणे, आणि कानांवर पडलेले बोलणे. यांतील शेवटच्या दोन वाटा मुलाने दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच घरातून जातात. एकत्र कुटुंबात त्या अधिकच रुंद असतात. आई जपून बोलली तरी भुआ स्वतःच्या अक्कलदाढेची हकिकत रंगवून सांगते, काका पक्कड आणल्याचा अभिनय करतात, आणि मोठी चुलत भावंडे त्यावर कळस चढवतात.

म्हणून भेट ठरली की घरातील एकाच व्यक्तीने मुलाला सांगावे आणि इतरांनी तो विषय काढू नये. फार आधी सांगू नये. आठवडाभर आधी सांगितले तर लहान मूल आठवडाभर त्याच विचारात राहते. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी सांगणे पुरे. सांगायचे तेही थोडकेच. ‘उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. ते तुझे दात मोजतील, छोट्या आरशाने मागच्या दाढा पाहतील. मी तुझ्याजवळच असेन.’ एवढ्यात सारे आले. मुलाने अधिक विचारले तर अधिक सांगावे, न विचारलेले सांगू नये.

येथे एक मोह आवरावा लागतो. ‘अजिबात दुखणार नाही’ असे वचन देऊन टाकण्याचा मोह. ‘दुखणे’ हा शब्द मुलाच्या मनात नसताना तो आपणच तेथे नेऊन ठेवतो. आणि चुकून काही टोचले-बोचलेच, तर सांगणाऱ्याचा शब्द खोटा ठरतो. शब्दाची किंमत व्यापारी घराला वेगळी समजावून सांगायला नको. बाजारात उधारी चालते ती पतीवर, आणि पत एकदा गेली की रोखीने व्यवहार करणाऱ्यालाही लोक दोनदा पारखून पाहतात. मुलाच्या लेखी आई-वडिलांची पत अशीच असते. ‘बाजाराला चाललो आहोत’ असे सांगून दवाखान्यात नेलेले मूल पुढच्या वेळी बाजाराला निघतानाही संशयाने पाहते. विचारलेच, तर ‘डॉक्टर काय करणार आहेत ते आधी तुला सांगतील, आणि तुला थांबावेसे वाटले तर डावा हात वर कर, ते थांबतील’ असे उत्तर द्यावे. हे उत्तर खरे असते. हात वर करण्याची ही खूण डॉक्टरांशी आधी बोलून ठरवून घ्यावी, म्हणजे तीही पोकळ ठरत नाही.

बालदंतवैद्य स्वतः याच तत्त्वाने काम करतात. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही पद्धत अमेरिकेतील ॲडेलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि आजही जगभरच्या दंत महाविद्यालयांत ती शिकवली जाते. हवेचा फवारा आधी मुलाच्या तळहातावर सोडतात, आरसा त्याच्या हातात देतात, मग तोंडाकडे वळतात. घरी याची रंगीत तालीम सहज होते. आईच्या मांडीवर डोके ठेवून मुलाने तोंड उघडावे, आईने चमच्याच्या दांड्याने दातांना हळूच स्पर्श करीत मोठ्याने मोजावे. मग मुलाने डॉक्टर व्हावे आणि दादीचे दात मोजावेत. दादीचे मोजून लवकर संपतात याची मुलांना मोठी मौज वाटते. मान मागे टेकून, डोक्यावर दिवा असताना तोंड उघडे ठेवण्याची सवय एवढ्याने होते. अगदी लहान मुलासाठी डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असते आणि डोके मात्र डॉक्टरांच्या मांडीवर. त्याला आईचा चेहरा सतत दिसत राहतो. खुर्चीची गरजच पडत नाही.

जैन घरातील मुलाला एका बाबतीत इतरांहून अधिक सोय आहे. तोंड झाकलेला अनोळखी चेहरा पाहून पुष्कळ मुले बिचकतात. स्थानकात महाराजसाहेबांच्या दर्शनाला जाणारे मूल मुखवस्त्रिकेआडून बोलणारा, हसणारा चेहरा तान्हेपणापासून पाहत आलेले असते. मुहपत्तीचा हेतू वायुकायिक जीवांची विराधना टाळण्याचा आणि मास्कचा हेतू जंतूंचा प्रसार रोखण्याचा, तेव्हा दोहोंची बरोबरी करण्याचे कारण नाही. परंतु ‘तोंड झाकलेले असले तरी माणूस प्रेमळ असतो’ ही ओळख त्या मुलाला आधीच झालेली असते. आईने तेवढी आठवण करून दिली तरी पुरते.

वेळ सकाळची घ्यावी. नवकारसी झाल्यावर, पोटात काही पडल्यावर मूल प्रसन्न असते. दुपारच्या झोपेच्या वेळी तेच मूल कोणालाच ओळख देत नाही. सोबत एक किंवा दोनच माणसे असावीत. गावातून शहरात जायचे म्हणून पाच-सहा जण गाडीत बसतात, आणि खुर्चीभोवती सर्वांनी एकदम ‘घाबरू नको’ म्हणायला सुरुवात केली की न घाबरलेले मूलही घाबरते. वडिलांनी एकदा तरी स्वतः जावे, असे आवर्जून सांगावेसे वाटते. व्यापारी घरात मुलांचे दवाखाने हे बायकांचे काम मानले जाते आणि वडील येतात ते बिल देण्यापुरते. ज्या कामासाठी पप्पा दुकान सोडून आले ते काम महत्त्वाचे, हे मुलाला न सांगता समजते.

खुर्चीवर बसण्याबद्दल चॉकलेट देण्याचे कबूल करणे, हा प्रकार तर सर्रास चालतो. दात किडवणारी वस्तू दात दाखवण्याचे बक्षीस म्हणून द्यायची, यातली विसंगती हसण्याजोगी असली तरी तिचा दुसरा तोटा मोठा आहे: लाच देऊ केली की समोरचे काम अवघड आहे, एवढे मुलाला बरोबर उमगते. परत आल्यावर दुकानात तराजूवर मूग तोलू दिले तरी त्याचा दिवस साजरा होतो.

पहिल्या भेटीत प्रत्यक्षात फारसे काही घडत नाही. डॉक्टर दात मोजतात, कीड आहे का पाहतात, घासण्याची पद्धत दाखवतात, गरज वाटल्यास फ्लोराइडचा लेप लावतात. पाव तासात सारे आटोपते. आणि इथेच गावाकडच्या माणसाची एक सवय आड येते. एवढे लांब आलोच आहोत तर दाढही आजच भरून टाका, पुन्हा फेरी नको, असा आग्रह धरला जातो. माल उचलायला गेलेल्या गाडीने रिकामे परतू नये हा नियम धंद्यात शहाणपणाचा आहे, येथे तो उलटा पडतो. ओळखीच्या दिवशी ओळखच होऊ द्यावी. सिमेंट भरायचे असेल तर आठवड्याने पुन्हा यावे. तेव्हा मूल ओळखीच्या ठिकाणी आलेले असते आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा लवकर आटोपते.

पुणतांबा ज्या राहाता तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील लोणी येथे प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ खाजगी दवाखान्यापेक्षा जास्त लागतो, हे मान्य. पण लहान मुलाच्या बाबतीत घाई नसणे हाच गुण आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना ज्या परिसरात उभा राहिला, तेथेच पुढे दातांचे महाविद्यालय निघावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

साखरेचा विषय निघालाच आहे तर आपल्या समाजातील एका प्रथेबद्दलही बोलले पाहिजे. प्रवचनानंतर मुलांच्या हातावर प्रभावना ठेवली जाते ती बहुधा गोड असते. पाठशाळेत गाथा पाठ झाली की चॉकलेट मिळते. देणाऱ्यांची भावना निर्मळ असते. परंतु तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि प्रत्येक खाण्यानंतर साधारण अर्धा तास ते आम्ल दातांवर काम करीत राहते; त्यामुळे किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणासोबत खाल्लेला एक लाडू दिवसभर चघळलेल्या चार गोळ्यांपेक्षा परवडतो. पेन्सिल, वही, रंगखडू यांचीही प्रभावना होऊ शकते, आणि काही ठिकाणी ती होतेही. चातुर्मासाच्या बैठकीत संघाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय घ्यायला हरकत नाही.

गोडाच्या उलट, चौविहाराची प्रथा दातांना अनुकूल आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेले अन्न रात्रभर तसेच राहते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून लगेच दात घासले की रात्रभर तोंड स्वच्छ. पण लहान मुलाला चौविहारातून बहुधा सूट दिली जाते, आणि त्या सुटीत रात्री झोपताना साखर घातलेले दूध जाते. ते दूध लवकर द्यावे आणि नंतर दात घासावेत. सकाळचे घासणे नवकारसी पाळणाऱ्या घरात सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी होते, त्याने काही बिघडत नाही. कधी कधी वडीलधारी मंडळी मुनींच्या अदंतधावनाचा दाखला देतात. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत ते आहे हे खरे. तो सर्वत्याग केलेल्या, दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या साधूंचा आचार आहे. दुकानातली बरणी हाताशी असलेल्या बाळाला तो लागू करता येत नाही. टूथपेस्ट घेताना वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहावा, आणि ती तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच द्यावी. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासून द्यायचे असतात; त्या वयात बोटांना ते काम नीट जमत नाही.

इतके करूनही मूल त्या दिवशी तोंडच उघडणार नाही, असे होऊ शकते. मग हातपाय धरून तपासणी उरकण्याचा आग्रह करू नये. खुर्ची वर-खाली करून पाहिली, डॉक्टरांना नमस्कार केला, एवढ्यावर परत यावे. गालावर सूज, ताप किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल तर मात्र वाट पाहणे धोक्याचे. तेथे मुलाच्या रडण्याकडे न पाहता त्याच दिवशी उपचार करून घ्यावेत.

घरी परतल्यावर दारातच प्रश्न सुरू होतात: ‘रडलास का?’ ‘सुई दिली का?’ त्याऐवजी ‘किती दात निघाले मोजून?’ असे विचारावे. मूल आकडा सांगते, खुर्ची कशी आडवी झाली ते सांगते, आरशाची नक्कल करते. घरातले दोन वर्षांचे धाकटे भावंड तोंड उघडे टाकून ते ऐकत असते.